घारीची गुंडी

तिचे डोळे घारे होते, म्हणून लहानपणापासून सगळे तिला घारी म्हणत. शाळेत हजेरीला खरं नाव पुकारलं की ती स्वतःच इकडेतिकडे बघायची, ही कोण नवी आली म्हणून. पुढे नोकरी लागली तीही हॅचरीत, म्हणजे यंत्रात अंडी उबवून रोज हजारोंनी पिल्लं काढतात तिथे. पिल्लांच्या घरात घार शिरली म्हणून पहिल्याच दिवशी सगळा विभाग पोट धरून हसला, आणि ते नाव बदलण्याची उरलीसुरली आशाही संपली.

तिचं काम नर-मादी ओळखण्याचं. अंड्यातून बाहेर येऊन दिवसही न झालेलं पिल्लू डाव्या मुठीत घ्यायचं, अंगठ्यानं हलकेच दाबून आधी त्याची शी काढून टाकायची, मग शेपटीखालची जागा दोन बोटांनी उघडून दिव्याच्या झोतात बघायचं. तिथे टाचणीच्या डोक्याहूनही लहान उंचवटा दिसला तर नर, नाही तर मादी. नर डाव्या खोक्यात, मादी उजव्या. एका पिल्लाला चार सेकंद. ज्या म्हाताऱ्या उस्तादानं तिला हे शिकवलं, तो फारसा बोलायचा नाही. तिनं घाईघाईत चुकीच्या खोक्यात पिल्लू टाकलं की तो ते उचलून तिच्यासमोर धरायचा आणि म्हणायचा, "तुला काय वाटतं ते कुणी विचारलंय? काय दिसतं ते सांग." तीन वर्षांत घारीची नजर अशी बसली की शंभरात दोनच पिल्लं चुकायची, आणि त्या दोनांचीही तिला रुखरुख लागायची.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर दोन मजल्यांच्या मधे लटकलेला असायचा. घरी आला की हातपाय धुता धुता, "आज कुठे अडकलो ते विचार," असं म्हणायचा आणि ती न विचारताच सांगत सुटायचा. घरात तिसरी सासू. तिनं बावीस वर्षं एका मोठ्या लाँड्रीत चादरी इस्त्री केल्या होत्या. त्या वाफेनं तिचा आवाज घोगरा झाला होता, पण थकला नव्हता.

मुलगी झाली तेव्हा तिचं नाक एवढंसं, गोल, शर्टाच्या गुंडीसारखं होतं. बापानं तिला पहिल्यांदा हातात घेतलं आणि म्हणाला, "ही तर गुंडी!" झालं, तेच नाव पडलं. "गुंडी म्हणजे बटण बरं का," तो शेजाऱ्यांना बजावायचा, "गुंडाची बायको नव्हे."

बाळ आठ आठवड्यांचं झालं तशी घारीची रजा संपली. हॅचरी घरापासून चालत दहा मिनिटांवर. म्हणून असं ठरलं की दुपारच्या सुट्टीत सासूनं बाळाला फाटकापाशी आणायचं. वॉचमनच्या खोलीच्या सावलीत एक बाक होता. साडेबाराला घंटा झाली की घारी पळत सुटायची, फाटकाजवळच्या नळावर साबणानं कोपरापर्यंत हात धुवायची, बाकावर बसून बाळाला पदराखाली घेतल्यासारखं आपल्या हिरव्या कोटाच्या पुढच्या भागात लपेटायची आणि पाजायची. कोटाच्या बाह्यांवर पिल्लांची पिवळी लव चिकटलेली असे. ती उडून बाळाच्या जावळावर बसली की सासू फुंकर मारायची.

"बघ गं," ती म्हणायची, "माझ्या नातीला पिसं फुटायला लागली."

दोघी हसायच्या. ती वीस मिनिटं म्हणजे घारीच्या दिवसाचा गाभा होता. सकाळचे चार तास तिची बोटं पिल्लं उचलत असायची आणि मन त्या बाकावर जाऊन बसलेलं असायचं.

गुंडी दहा आठवड्यांची होती तेव्हाची गोष्ट. आदल्या दिवशी तिला तीन-चार वेळा पातळ शी झाली होती. सासूनं ते फारसं मनावर घेतलं नाही, पोट बिघडलंय, होईल बरं, म्हणाली. दुसऱ्या दिवशी दुपारी फाटकापाशी घारीनं बाळाला जवळ घेतलं तर बाळानं तोंड उघडलं नाही. गालाला बोट लावलं, ओठावर दुधाचा थेंब टेकवला, तरी नाही. अंग तव्यासारखं तापलेलं. रडतही नव्हती, नुसतीच कण्हत होती, खोल कुठूनतरी आल्यासारखी. घारीनं दुपटं सोडलं. शीमध्ये चिकट शेंबडासारखं काहीतरी होतं आणि त्यात लाल रेघ.

"आई, ही सकाळपासून किती प्यायली?"

"एकदाच. तेही दोन घोट. मला वाटलं झोपेत आहे."

"ही झोप नाही," घारी म्हणाली.

तिनं वॉचमनला सांगितलं की आत निरोप दे, आणि कोट अंगात तसाच ठेवून रिक्षात बसली. 

दवाखान्यातल्या बालविभागाच्या डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, बुटक्या, हळू बोलणाऱ्या होत्या. त्यांनी गुंडीला तपासलं, तिच्या टाळूवर तीन बोटं टेकवली आणि क्षणभर ती तशीच ठेवली. मग एक स्टूल ओढून घारीसमोर बसल्या. पुढे महिनाभरात घरच्यांना ती खूण चांगली कळली. बाई उभ्या-उभ्या बोलल्या तर काळजी नाही, स्टूल ओढलं की बातमी जड.

"बाळ अडीच महिन्यांचं आहे, ताप आहे, शीतून रक्त जातंय, आणि सुस्त आहे," त्या म्हणाल्या. "या वयात आपण थांबून बघत नाही. रक्त तपासायला पाठवते, शी पाठवते, आणि पाठीच्या कण्यातलं थोडं पाणी काढून तेही पाठवते. निकाल येईपर्यंत वाट न बघता औषध आत्ता सुरू करते."

"पाठीत सुई?" घारीचा नवरा एव्हाना धावत आला होता, हाताला ग्रीस तसंच. "एवढुशा पाठीत?"

"भीती वाटणारच. पण त्या पाण्यावरूनच कळतं की जंतू मेंदूपर्यंत पोचलाय का. न बघता मी औषध किती दिवस द्यायचं ते ठरवू शकत नाही."

नवऱ्यानं कागदावर सही केली. सहीशेजारी ग्रीसचा ठसा उमटला.

तासाभरात पायाच्या शिरेतून औषध सुरू झालं. एक नव्हे, दोन. कोणता जंतू आहे ते ठाऊक नव्हतं, म्हणून दोन बाजूंनी नाकेबंदी. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेतून फोन आला की रक्तात जंतू वाढतोय. त्याच दुपारी गुंडीचा डावा हात ठेक्यात उडायला लागला. घारीला आधी वाटलं बाळ हलतंय, हुशारी आली. ती नवऱ्याला हाक मारणार, एवढ्यात नर्सनं तिला हलकेच बाजूला सारलं. तो झटका होता. बाळाला काचेच्या दारापलीकडच्या अतिदक्षता विभागात नेलं. घारी भिंतीला टेकून तिथेच खाली बसली.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पुन्हा स्टूल ओढलं.

"जंतूचं नाव कळलं. साल्मोनेला. रक्तातही आहे आणि पाठीच्या पाण्यातही. म्हणजे मेंदूवरच्या आवरणाला सूज आलीय."

सासू नाव ऐकून पुटपुटली, "सुरुवातच शिवीनं! साला मेला."

एरवी सगळे हसले असते. डॉक्टरीणबाईंच्या ओठांचा कोपरा मात्र किंचित हलला.

"तुमचं काही चुकत नाही, आजी," त्या म्हणाल्या. "मोठ्या माणसाला हा झाला तर दोन-चार दिवस जुलाब, पोटात कळा, आणि बहुतेक वेळा आपोआप बरं. त्याला आम्ही जंतूवरचं औषधही देत नाही. पण तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचं आतडं म्हणजे पातळ कापड. जंतू त्यातून पाझरून रक्तात जातो, आणि रक्तातून हाडात, मेंदूकडे, कुठेही. म्हणून या बाळांना लगेच औषध लागतं."

"बरी होईल ना?" घारीनं विचारलं.

"लवकर आणलंत, हे फार चांगलं झालं. पहिल्या दोन औषधांपैकी एकाला हा जंतू दाद देत नाही, ते आज बंद करते. दुसऱ्याला तो व्यवस्थित मरतो. तेच पुढे चालू ठेवायचं. पण हा चिवट असतो, वरवर मरतो आणि परत डोकं काढतो. त्यामुळे चार आठवडे, शिरेतूनच. एक दिवस कमी नाही. मी आज तुम्हाला 'शंभर टक्के' म्हणणार नाही. मला आशा आहे, एवढं मात्र खरं सांगते."

चार आठवडे म्हटल्यावर घरच्यांनी बाडबिस्तरा हलवला. सासू दिवसा, घारी रात्रंदिवस, नवरा कामावरून सुटला की. सुरुवातीचे दिवस त्याचे सगळ्यांत वाईट गेले. घारी निदान दूध काढून नळीतून द्यायला देत होती, सासू दुपटी धूत होती, याला काही कामच नव्हतं. काचेबाहेर उभा राहून तो यंत्रावरचे आकडे वाचत बसायचा. चौथ्या दिवशी दवाखान्याची लिफ्ट दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यांच्या मधे अडकली. आत जेवणाची गाडी आणि ती ढकलणारी बाई. बाई आतून ओरडतेय, बाहेर चारजण फोन लावतायत, मेकॅनिक येतोय, येतोय. घारीच्या नवऱ्यानं आधी नियंत्रण खोलीतून वीज तोडली, मग हातानं ब्रेक सैल करत लिफ्ट मजल्याला आणली. दार उघडून बाई बाहेर आली ती थेट त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. तोही रडला. लोकांना वाटलं, किती हळवा मेकॅनिक आहे. घारीला ठाऊक होतं, तो तीन दिवसांचं एकदम रडून घेत होता. त्यानंतर त्या बाईनं त्यांच्या जेवणाचं ताट कधी थंड येऊ दिलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी हॅचरीचे मॅनेजर भेटायला आले. फळं आणली, बाळाची चौकशी केली, रजेची काळजी करू नका म्हणाले. माणूस वाईट नव्हता. मग जाता जाता आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ, आरोग्य खात्याचं कुणीतरी येईल विचारायला. हा आजार कशानंही होतो. बाजारातली अंडी, पाणी, काहीही. उगीच आपल्या हॅचरीचं नाव कशाला पुढे करायचं? चाळीस घरं चालतात त्यावर."

ती चाळीस घरं घारीला तोंडपाठ होती.

दुपारी आरोग्य खात्याच्या निरीक्षक बाई आल्या. हातात अकरा पानांची प्रश्नावली. पाणी कुठलं? वरचं दूध दिलं का? घरात कुणाला जुलाब? अंडी कच्ची राहतात का? घरात कासव, सरडा, पक्षी असं काही पाळलंय का?

"कासव नाही," सासू म्हणाली. "मी आहे, तेवढीच हळू चालते."

निरीक्षक बाईंनी तेही जवळजवळ लिहून घेतलं होतं. मग पान उलटून त्यांनी घारीला विचारलं, "तुम्ही काय काम करता?"

घारीनं खिडकीकडे बघितलं. "हॅचरीत. पिल्लांचे नर-मादी वेगळे करते."

बाईंचं पेन थांबलं. "पिल्लांची शी हाताला लागते?"

"त्याशिवाय दिसतच नाही."

"आणि बाळाला पाजता तेव्हा अंगात कोणते कपडे असतात?"

तो प्रश्न घारीला कुणी केला नव्हता, तिनं स्वतःलाही नाही. हात धुतले होते, रोज, कोपरापर्यंत, साबणानं. कोट मात्र काढला नव्हता. बाळाचा गाल त्या बाहीवर असायचा. बाळ ती बाही चोखायचं. लव, फुंकर, हसणं, सगळं तिला एका क्षणात त्या दिव्याच्या झोतात धरल्यासारखं दिसलं. "कोट काढून ठेवते" असं म्हणता आलं असतं, मॅनेजरांचं कामही झालं असतं.

"कामाचाच कोट," ती म्हणाली. "रोज. फाटकापाशी बसून पाजायचे. अंगावर पिल्लांची लव असायची."

बाईंनी लिहून घेतलं. संध्याकाळी मॅनेजरांचा फोन आला, आवाज चढलेला. "अगं, मी सांगितलं होतं ना!"

"साहेब," घारी म्हणाली, "पिल्लू नर आहे का मादी, हे मी तुम्हाला विचारून सांगते का? जे आहे ते सांगते. म्हणूनच तुम्ही मला ठेवलंय."

फोन ठेवल्यावर मात्र ती कोसळली. दवाखान्याच्या मागच्या बाजूला कपडे धुवायची जागा होती, तिथे सासू दुपटी पिळत होती. घारी शेजारी उकिडवी बसली आणि हुंदके द्यायला लागली. मीच दिलं तिला, माझ्या अंगावरून, माझ्याच हातानं. सासूनं दुपटं बादलीत टाकलं.

"तू एकटी कशाला श्रेय घेतेस?" ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "रोज उन्हातून तिला फाटकापर्यंत कोण आणत होतं? तुझा तो कोट तिच्या झबल्यांबरोबर एका बादलीत कोण भिजवत होतं? बावीस वर्षं लाँड्रीत काढली मी. दवाखान्याच्या चादरी वेगळ्या धुतात, हॉटेलच्या वेगळ्या, एवढं मला येतं. आणि घरात अक्कल गहाण ठेवली."

"आई, तुम्हाला काय ठाऊक..."

"मग तुला तरी काय ठाऊक होतं? कुणी सांगितलं होतं का? नाही ना? मग दोघींनी मिळून आणलंय दुखणं, दोघींनी मिळून घालवू. ऊठ. तुझी दूध काढायची वेळ झाली."

दूध द्यावं का, हाही प्रश्न घारीच्या मनात डाचत होता, कारण घरच्या सगळ्यांची शी तपासली तेव्हा तिच्याही पोटात तोच जंतू सापडला होता. तिला साधं पोटही दुखलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी उभ्या-उभ्याच उत्तर दिलं, "दूध द्याच. दुधानं नाही झालं हे, दूध तर तिची ढाल आहे. हात मात्र असे धुवा की मला साबणाचा वास यावा."

सहा दिवस ताप हटला नाही. सातव्या दिवशी सकाळी नर्सनं काखेत तापमापी लावली, बघितली, पुन्हा लावली. मग काचेतून घारीला अंगठा दाखवला. दोन दिवसांनी नळी काढून गुंडीला छातीशी दिली. पहिले चार-पाच घोट दमानं, मग एकदम अशी हपापून प्यायला लागली की ठसका लागला आणि तिनं संतापून भोकाड पसरलं. अख्ख्या विभागाचा जीव भांड्यात पडला. रडणाऱ्या बाळाभोवती उभं राहून पाच माणसं दात काढतायत, हे दृश्य त्या विभागात नेहमीचं असावं, कारण पलीकडच्या खाटेजवळची आई जराही दचकली नाही.

दहाव्या दिवशी टाळूवरून सोनोग्राफी केली. टाळूचं हाड अजून जुळलेलं नसतं, त्या खिडकीतून आतलं दिसतं. पू साठलेला नव्हता. पुन्हा पाठीतलं पाणी काढलं, त्यात जंतू वाढला नाही. तरी औषध चालूच. हाताच्या शिरा संपल्या, पायाच्या संपल्या, एकदा डोक्यावर सुई लावली तेव्हा बाप बाहेर निघून गेला. मग दंडातून एक लांब बारीक नळी आत सरकवली आणि ती शेवटपर्यंत टिकली. गुंडी तिला दोनदा उपटायच्या बेतात होती. "नाव ठेवणाऱ्यानं विचार करून ठेवलंय," नर्स म्हणायची, "ही गुंडाचीच बायको होणार."

इकडे हॅचरी बंद झाली होती. निरीक्षक बाईंच्या लोकांनी यंत्रातली धूळ नेली, खोक्यांतले कागद नेले, कोटांच्या बाह्या पुसून नेल्या. अंडी फुटून जिथे पिल्लं निघतात त्या यंत्राच्या धुळीत आणि कोटांवर तोच जंतू निघाला, गुंडीच्या रक्तात होता तोच. ज्या कळपाची ती अंडी होती तो कळप बाजूला काढला, आणि सगळं धुऊन, वाफारून होईपर्यंत बारा दिवस काम बंद.

घारीच्या शेजारच्या दिव्याखाली एक बाई बसायची. पिल्लं उचलताना तिचं तोंड अखंड चालायचं, म्हणून सगळे तिला रेडिओ म्हणत. तिचा फोन आला.

"तुझ्यामुळे अख्खा विभाग घरी बसलाय, कळतंय का तुला?"

"कळतंय," घारी म्हणाली. दुसरं काय म्हणणार!

आठवडा गेला. एका दुपारी विभागाच्या दारात रेडिओ उभी. आयुष्यात पहिल्यांदा तिला शब्द सापडत नव्हते. घारीनं तिला बाकावर बसवलं, पाणी दिलं.

"माझा नातू पाच महिन्यांचा आहे," शेवटी ती म्हणाली. "मी घरी गेले की आधी त्याला घेते, मग चप्पल काढते. तशीच, त्याच अंगानं. रोज तो माझी बोटं तोंडात घालतो. खात्याच्या बाईंनी सगळ्यांना बसवून समजावलं तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्याची तपासणी केली. काही नाही निघालं." तिनं नाक पुसलं. "तू तोंड उघडलं नसतंस तर मी अजूनही तशीच घेत असते त्याला. फोनवर बोलले ते विसर."

"कधी बोललीस तू?" घारी म्हणाली. "मला तर आवाजच नीट येत नव्हता."

मग रेडिओ लागला तो तासभर थांबला नाही.

एकतिसाव्या दिवशी गुंडी घरी आली. घरी आल्यावरचा पहिला महिना दवाखान्यापेक्षाही कठीण गेला, कारण तिथे यंत्रं बघत होती, इथे आपणच बघायचं. जंतू परत डोकं काढतो, हे वाक्य घारीच्या डोक्यात घर करून बसलं होतं. दर दोन तासांनी कपाळाला हात. एकोणिसाव्या दिवशी खरंच ताप आला. तिघंही बाळाला घेऊन धावले. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, रक्त काढलं, एक रात्र ठेवून घेतलं, आणि सकाळी उभ्या-उभ्या सांगितलं, "सर्दी आहे हो! साधी, तुमच्या-आमच्यासारखी." सासूनं त्या सर्दीचं इतकं कौतुक केलं की ऐकणाऱ्याला वाटावं, नातीनं बक्षीस आणलंय.

पण सगळंच साफ सुटलं असं नाही. या आजारानंतर कानाची तपासणी करावीच लागते. ती केली तेव्हा उजवा कान उत्तम निघाला, डावा कमी. पूर्ण बंद नाही, दूरच्या खोलीतून बोलल्यासारखं ऐकू येईल, असं कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं. घारी परत येताना सारा रस्ता बाळाचा तो डावा कान हातानं झाकून बसली होती, वारा लागू नये म्हणून. घरी आल्यावर सासूनं तो चिमुकला कान नीट निरखून बघितला.

"एकच कान मंद ना?" ती म्हणाली. "मग उलट बरंच. पुढे सासूच्या बाजूला हा करायचा."

घारीला हसू आवरेना, आणि हसता हसता रडूही. पुढे त्या कानात वाटाण्याएवढं यंत्र बसलं. बाप ते रोज सकाळी साफ करायचा, बॅटरी तपासायचा, जणू जगातली सगळ्यांत लहान लिफ्ट त्याच्या देखभालीला दिली होती.

गुंडी घरी आल्यावर तिसऱ्या महिन्यात घारी कामावर परतली. मॅनेजरांनी तिच्याकडे बघून मान हलवली, ना राग ना लोभ. हॅचरीत आता आत शिरताना घरचे कपडे, चपला सगळं उतरवून ठेवायची खोली होती, बाहेर पडताना आंघोळीची सोय होती, आणि कोट बाहेर न्यायला बंदी. ते तिथेच धुतले जायचे. फाटकाशेजारी पाजणाऱ्या बायांसाठी एक छोटी खोली होती, तिचं दार पिल्लांच्या बाजूला उघडतच नसे. हे सगळं कुणाच्या दयेनं झालं नव्हतं, खात्याच्या हुकुमानं झालं होतं. पण झालं होतं.

पहिल्या दिवशी घारीनं पिल्लू हातात घेतलं आणि तिची बोटं अडली. ते ऊबदार होतं, धडधडत होतं, त्याचा काही दोष नव्हता. तिनं ते दिव्याखाली धरलं. मादी. उजव्या खोक्यात. पहिल्या तासात तिनं जेमतेम तीनशे केली. महिना लागला पूर्वीचा वेग यायला. वर्षभरानं तिच्याकडे नव्या बायांना शिकवायचं काम आलं. पहिला पूर्ण दिवस ती पिल्लाला हात लावू देत नाही, अशी तिच्याबद्दल तक्रार असते. तो दिवस हात धुणं, कपडे बदलणं, घरी लहान मूल किंवा म्हातारं माणूस आहे का, यातच जातो. एका नव्या मुलीनं विचारलं, "मावशी, आपण पिल्लं ओळखायला आलोय ना?" घारी म्हणाली, "पिल्लं कुठे पळून जात नाहीत. आधी तू स्वतःला ओळख, कुठे कुठे हात लावतेस ते."

गुंडी दीड वर्षाची झाली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिला वाढीच्या तपासणीला बोलावलं. चालायला ती उशिरा लागली होती, पंधराव्या महिन्यात, पण लागल्यापासून थांबली नव्हती. बाईंनी तिच्यासमोर लाकडी ठोकळे मांडले. या वयाच्या मुलानं तीन ठोकळ्यांचा मनोरा केला की पुरे. गुंडीनं तीन रचले, चौथा रचला, पाचवा हातात घेऊन मनोऱ्याकडे बघितलं आणि मनोरा पाडला. मग आनंदानं किंचाळून पुन्हा रचायला बसली. बाई लिहीत होत्या, आणि लिहिता लिहिता हसत होत्या.

"डोकं छान चालतंय," त्या म्हणाल्या. "हात छान, डोळे छान. उजव्या बाजूनं बोलत राहा, यंत्र लावत राहा. बोलायला थोडा वेळ लागला तर घाबरू नका, आपण मदत घेऊ."

निघायची वेळ झाली. पाचवा ठोकळा, लाल रंगाचा, गुंडीच्या मुठीत होता आणि ती तो सोडायला तयार नव्हती. घारीनं बोटं उलगडायचा प्रयत्न केला. आजीनं बिस्किटाचं आमिष दाखवलं. बापानं "गुंडी, दे बरं" असं चुकून डाव्या बाजूनं सांगितलं, मग उजव्या बाजूनं सांगितलं, आणि दोन्ही वेळा सारखाच परिणाम झाला.

"राहू द्या हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सहा महिन्यांनी परत यायचंच आहे. तेव्हा घेऊन या."

बाहेर आल्यावर घारीनं तिला खाली उतरवलं. ठोकळा छातीशी धरून गुंडी पुढे, तिच्यामागे हात पसरून आजी, आणि त्यांच्यामागे घारी आणि तिचा नवरा, असे सगळे बसथांब्याकडे निघाले.